फाइल दोन सर्व्हरवर आहे म्हणजे ती सुरक्षित आहे का? कोरियाची आग, मर्स्कचा अनुभव आणि आपल्या ऑफिसचं फोल्डर रेप्लिकेशन

२६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. यूपीएसच्या लिथियम-आयन बॅटऱ्या दुसरीकडे हलवण्याचं काम चालू होतं. त्यात एका बॅटरीने पेट घेतला आणि बघता बघता ३८४ बॅटऱ्या जळाल्या. सहाशेहून जास्त सरकारी सेवा एकदम बंद पडल्या. मोबाइलवरचं ओळखपत्र चालेना, पोस्टाचं बँकिंग अडलं, सरकारी पोर्टल उघडेनात.

सेवा हळूहळू परत सुरू झाल्या, पण एक गोष्ट परत आली नाही, ती म्हणजे ‘जी-ड्राइव्ह’. हा कोरियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा सामायिक फाइल साठा होता. सुमारे साडेसात लाख कर्मचाऱ्यांना तो वापरता येत होता आणि प्रत्येकी साधारण ३० जीबी जागा होती. त्यातला ८५८ टेराबाइट डेटा गेला. आगीत एकूण ९६ यंत्रणा थेट जळाल्या. त्यातल्या ९५ यंत्रणांचा कुठे ना कुठे बॅकअप होता. ज्या एका यंत्रणेचा नव्हता ती हीच.

सरकारचं स्पष्टीकरण असं होतं की साठा इतका मोठा होता की त्याच्यासाठी बाहेर बॅकअपची सोय करता आली नाही. सर्वात जास्त फटका कर्मचारी व्यवस्थापन मंत्रालयाला बसला. कारण तिथे नियमच होता की कामाची कागदपत्रं स्वतःच्या पीसीवर न ठेवता जी-ड्राइव्हवरच ठेवायची. म्हणजे ज्यांनी नियम नीट पाळला, त्यांचंच सर्वात जास्त नुकसान झालं.

‘डेटा फार मोठा आहे, म्हणून बॅकअप नाही’ हे वाक्य आपल्यालाही नवीन नाही. पण जरा हिशोब करून बघा. बाजारात २० टेराबाइटच्या हार्डडिस्क मिळतात. ८५८ टेराबाइट म्हणजे अशा ४३ डिस्क. रेड, सर्व्हर, लाइन आणि देखभाल धरली तर खर्च बराच वाढतो हे मान्य. तरी एका देशाच्या सरकारला न झेपणारी ही गोष्ट नाही. विशेष म्हणजे, ऑक्टोबर २०२२ मध्ये पांग्यो इथल्या खासगी डेटा सेंटरला आग लागून ‘काकाओ’च्या सेवा बंद पडल्या, तेव्हा याच सरकारने खासगी कंपन्यांसाठी पर्यायी व्यवस्थेचे नियम कडक केले होते.

या बातमीनंतर बऱ्याच ऑफिसांत एकच प्रश्न विचारला गेला असेल: ‘आपला फाइल सर्व्हर जळाला तर काय?’ आणि आयटीवाल्याने एकच उत्तर दिलं असेल: ‘साहेब, आपण रेप्लिकेशन लावलंय. डेटा दोन ठिकाणी आहे.’

हे उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं काय आहे, ते आज पाहू.

## रेप्लिकेशन आणि बॅकअप: दोन वेगळे प्रश्न

समजा, तुमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस पुण्यात आहे आणि शाखा नाशिकला. दोन्हीकडे एकेक फाइल सर्व्हर आहे. पुण्यातल्या ‘अकाउंट्स’ फोल्डरमध्ये कोणी फाइल बदलली की तो बदल आपोआप नाशिकच्या फोल्डरमध्ये जातो, आणि तिकडचा इकडे येतो. यालाच फोल्डर रेप्लिकेशन म्हणतात. विंडोज सर्व्हरवर हे काम करणाऱ्या सुविधेचं नाव डीएफएस रेप्लिकेशन. ती विंडोज सर्व्हर २००३ आर२ पासून आहे.

रेप्लिकेशन एका प्रश्नाचं उत्तर देतं: ही फाइल आणखी कुठे आहे? पुण्यात आग लागली, पूर आला, सर्व्हरचा मदरबोर्ड गेला, तरी नाशिकला फाइल आहे. कोरियाला हेच हवं होतं आणि नेमकं हेच नव्हतं.

बॅकअप दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं: ही फाइल काल कशी होती? किंवा मागच्या महिन्यात, किंवा ३१ मार्चला.

रेप्लिकेशनकडे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसतं. त्याला फक्त ‘आत्ता’ कळतं. तुम्ही पुण्यात चुकून एक फोल्डर डिलीट केलंत, तर रेप्लिकेशनच्या दृष्टीने तो एक बदल आहे, आणि बदल पोहोचवणं हे त्याचं काम. थोड्या वेळात ते फोल्डर नाशिकहूनही जातं. रॅन्समवेअरने एका पीसीवरून शेअर फोल्डरमधल्या फाइल्स लॉक केल्या, तर त्या लॉक झालेल्या फाइल्ससुद्धा इमानेइतबारे दुसऱ्या शहरात पोहोचतात. यात रेप्लिकेशन बिघडलेलं नसतं, ते अगदी व्यवस्थित चाललेलं असतं. अडचण नेमकी तीच आहे.

## मर्स्ककडे कॉप्या होत्या, दीडशे!

आता कोरियाच्या अगदी उलट उदाहरण पाहू. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा मालवेअर पसरला. तो युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून बाहेर पडला आणि काही तासांत जगभर गेला. जहाज वाहतुकीतली बलाढ्य कंपनी मर्स्क त्यात आडवी झाली. आपल्याकडेही त्याची झळ बसली. न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडून चालवलं जाणारं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं आणि कंटेनरची कामं हाताने नोंदी करून रेटावी लागली.

मर्स्ककडे जगभर मिळून सुमारे १५० डोमेन कंट्रोलर होते. डोमेन कंट्रोलर म्हणजे कोण युजर, कोणाला कुठला अधिकार, याची वही सांभाळणारा सर्व्हर. हे सगळे एकमेकांशी सतत रेप्लिकेट होत होते. एक गेला तर बाकीच्यांवरून तो परत उभा करायचा, असा हिशोब होता. सगळेच एका वेळी जातील, ही शक्यता त्यात धरलेली नव्हती. आणि झालं तेच. मालवेअर प्रत्येक सर्व्हरवर थेट पोहोचला आणि त्याने एकेक करून सगळे पुसून टाकले.

एक वाचला, घाना देशातला. का वाचला? हल्ला झाला तेव्हा तिथे लाइट गेले होते! सर्व्हर नेटवर्कवरच नव्हता, म्हणून मालवेअर त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. तिथली इंटरनेट लाइन इतकी बारीक होती की डेटा इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. शेवटी तिथला एक कर्मचारी हार्डडिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथे दुसऱ्याच्या हाती ती दिली आणि ती विमानाने इंग्लंडला पोहोचली. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनीच सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने बसवावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

कोरियाच्या जी-ड्राइव्हकडे दुसरी कॉपी नव्हती. मर्स्ककडे भरपूर कॉप्या होत्या, पण सगळ्या जिवंत, जोडलेल्या आणि एकाच धोक्याच्या टप्प्यात. कामाला आली ती अशी कॉपी, जी त्या क्षणी कोणाशीच जोडलेली नव्हती. मर्स्कला ती नशिबाने मिळाली. आपल्याला ती ठरवून ठेवायची आहे.

## डीएफएस रेप्लिकेशन लावताना काय सांभाळायचं?

रेप्लिकेशन वाईट आहे असं अजिबात नाही. दोन शाखा असतील तर ते हवंच. फक्त नीट लावायला हवं. विझार्डमध्ये ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करून पाच मिनिटांत ते लागतं आणि म्हणूनच पुढे त्रास देतं. मुख्य मुद्दे असे:

१. प्रायमरी सर्व्हर विचार करून निवडा. सुरुवातीला विझार्ड विचारतं की प्रायमरी मेंबर कोण. ज्या सर्व्हरवर खरा, ताजा डेटा आहे तोच द्या. पहिल्या वेळी प्रायमरीचा शब्द शेवटचा असतो. दुसऱ्या सर्व्हरवर वेगळी असलेली फाइल बाजूला काढली जाते आणि प्रायमरीवर नसलेली फाइल ‘प्री-एक्झिस्टिंग’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. इथे उलटी निवड झाली तर जुना डेटा नव्याच्या जागी येऊन बसतो.

२. डेटा आधी नेऊन ठेवा. दोन टेराबाइटचं फोल्डर इंटरनेट लाइनवरून पाठवत बसू नका. रोबोकॉपीने पोर्टेबल डिस्कवर परमिशनसकट कॉपी करा, डिस्क नाशिकला न्या, तिथल्या सर्व्हरवर उतरवा आणि मग रेप्लिकेशन सुरू करा. फाइल्स आणि त्यांच्या परमिशन दोन्हीकडे तंतोतंत जुळत असतील तर सिस्टम फक्त पडताळणी करते, पूर्ण फाइल पुन्हा ओढत नाही.

३. स्टेजिंगची जागा वाढवा. फाइल पाठवण्याआधी ती ‘स्टेजिंग’ फोल्डरमध्ये तयार होते. त्याची मूळ मर्यादा ४ जीबी असते. ऑटोकॅडची ड्रॉइंग, व्हिडिओ किंवा मोठ्या पीडीएफ असतील तर ती अपुरी पडते आणि सगळंच मंदावतं. मायक्रोसॉफ्टचा ठोकताळा सोपा आहे: फोल्डरमधल्या सर्वात मोठ्या ३२ फाइल्सच्या आकाराची बेरीज करा, स्टेजिंग निदान तेवढं ठेवा.

४. वेळापत्रक लावा. ऑफिसच्या वेळेत रेप्लिकेशनला लाइनचा थोडाच हिस्सा द्या, रात्री पूर्ण. शिवाय डीएफएस मोठ्या फाइलमधला फक्त बदललेला भाग पाठवू शकतं, त्यामुळे रोजचा भार वाटतो त्यापेक्षा कमी असतो.

५. नेमस्पेस वेगळा, रेप्लिकेशन वेगळं. युजरला दिसणारा एकच पत्ता देणं हे नेमस्पेसचं काम. फाइल्स इकडून तिकडे नेणं हे रेप्लिकेशनचं. दोन्ही एकत्र लावता येतात, पण एकमेकांवर अवलंबून नाहीत. दुसरा सर्व्हर फक्त अडीअडचणीसाठी असेल तर नेमस्पेसमध्ये त्याचा टार्गेट बंद ठेवा. म्हणजे सगळे लोक एकाच सर्व्हरवर काम करतील आणि पुढचा घोळ टळेल.

## एकच फाइल दोघांनी उघडली तर?

हा घोळ नेमका कोणता? पुण्याच्या कुलकर्णी मॅडमनी सकाळी कोटेशनची एक्सेल फाइल उघडली. त्याच वेळी नाशिकच्या शिंदे सरांनी तिकडच्या सर्व्हरवरून तीच फाइल उघडली. एकाच सर्व्हरवर असते तर दुसऱ्याला ‘फाइल वापरात आहे’ असा निरोप आला असता. पण डीएफएस रेप्लिकेशन दोन सर्व्हरमध्ये फाइल लॉक करत नाही. दोघांनी आपापले आकडे भरले, सेव्ह केले. ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याची फाइल राहिली. दुसऱ्याची फाइल ‘कॉन्फ्लिक्ट अँड डिलीटेड’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये गेली. युजरला कुठलाही इशारा मिळत नाही. आपले आकडे गेलेत हे मॅडमना कळतं ते ग्राहकाचा फोन आल्यावर.

हे लपलेलं फोल्डर म्हणजे रिसायकल बिन नव्हे. त्यालाही मर्यादा असते, साधारण ४ जीबी. ती भरत आली की जुन्या फाइल्स कायमच्या पुसल्या जातात. फाइल्सची नावंही बदललेली असतात. ‘डिलीट झालेलं तिथे सापडेल’ या भरवशावर राहू नका.

दुसरी गोष्ट, उघडी आणि लॉक असलेली फाइल रेप्लिकेट होत नाही. ती बंद झाल्यावरच पुढे जाते. म्हणून टॅलीचा डेटा, अ‍ॅक्सेसचे डेटाबेस, आउटलुकच्या पीएसटी फाइल्स असल्या सतत उघड्या राहणाऱ्या गोष्टी रेप्लिकेटेड फोल्डरमध्ये ठेवू नका. अशा डेटाच्या अनेक फाइल्स एकमेकींशी जुळलेल्या असाव्या लागतात. त्यातल्या निम्म्या आजच्या आणि निम्म्या कालच्या पोहोचल्या, तर पलीकडचा संच उघडेलच असं नाही. टॅलीसाठी त्याचा स्वतःचा बॅकअप घ्या आणि ती बॅकअप फाइल हवी तिथे पाठवा.

तिसरी गोष्ट, ‘डॉट बॅक’ आणि ‘डॉट टीएमपी’ शेवट असलेल्या फाइल्स मूळ फिल्टरमुळे रेप्लिकेशनमधून वगळल्या जातात. एसक्यूएल सर्व्हरचा बॅकअप ‘डॉट बॅक’ नावानेच बनवायची पद्धत आहे. तो रेप्लिकेटेड फोल्डरमध्ये टाकून ‘नाशिकला जातोय’ असं समजत असाल, तर आजच तपासा. फिल्टर बदललेला नसेल तर तो गेलेलाच नाही.

## चालू आहे की नाही, हे कोण बघतं?

रेप्लिकेशनचा सर्वात मोठा दोष हा की ते बंद पडलं तरी ऑफिसमध्ये कोणालाच कळत नाही. दोन्हीकडचे लोक आपापल्या सर्व्हरवर काम करतच राहतात. रोजचं किंवा निदान आठवड्याचं काम म्हणून एवढं तरी बघा:

* बॅकलॉग: किती फाइल्स पाठवायच्या राहिल्या आहेत, हा आकडा पॉवरशेलमधून मिळतो. तो कमीजास्त होणं ठीक, पण रोज वाढतच असेल तर काहीतरी अडलंय. दोन्ही दिशांचा बॅकलॉग वेगवेगळा बघा.
* इव्हेंट ४१०४: पहिलं रेप्लिकेशन पूर्ण झाल्यावर दुसऱ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये ही नोंद येते. ती येईपर्यंत ‘झालं’ म्हणू नका.
* इव्हेंट २२१३: लाइट जाऊन सर्व्हर धाडकन बंद पडला, तर काही सेटिंगमध्ये रेप्लिकेशन थांबून राहतं आणि तुम्ही ते हाताने सुरू करण्याची वाट बघतं. कमांड लॉगमध्येच लिहिलेली असते, पण लॉग उघडून बघायला हवा.
* इव्हेंट ४०१२: एखादा सर्व्हर ठरलेल्या मुदतीपेक्षा, सहसा ६० दिवसांपेक्षा, जास्त काळ तुटलेला राहिला तर त्याचा डेटा शिळा मानला जातो आणि रेप्लिकेशन रोखलं जातं. दोन महिने कोणी बघितलंच नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

आणखी एक सूचना. फाइल सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल तर ‘बिघडलं तर जुन्या स्नॅपशॉटवर जाऊ’ असा विचार करू नका. एक सर्व्हर अचानक मागच्या तारखेला गेला की दोघांच्या नोंदी जुळत नाहीत आणि रेप्लिकेशनच कोलमडतं. फाइल परत आणायची तर ती बॅकअपमधून फोल्डरमध्ये रिस्टोअर करा. रेप्लिकेशन तिला नवीन बदल समजून पुढे पोहोचवेल.

## मग बॅकअप कसा असावा?

जुना नियम आजही चालतो: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत ऑफिसच्या बाहेर. त्यात आता एक भर घाला: निदान एक प्रत अशी, जी नेटवर्कवरून कोणालाही बदलता किंवा पुसता येणार नाही. ती काम झाल्यावर काढून कपाटात ठेवलेली डिस्क असू शकते, टेप असू शकते, किंवा ठरावीक मुदतीपर्यंत न पुसता येणारी क्लाउड साठवण असू शकते.

रेप्लिकेशनमुळे इथे एक सोय होते. नाशिकच्या सर्व्हरवर सगळा डेटा आहेच, तर दोन्हीकडचा बॅकअप तिथूनच घेता येतो. पुण्याच्या सर्व्हरवर भार पडत नाही. फक्त बॅकअप घेण्याआधी बॅकलॉग शून्याजवळ आहे ना, ते बघा. नाहीतर शिळ्या डेटाचा बॅकअप घेतला जाईल.

आणि रिस्टोअर करून बघा. महिन्यातून एकदा कुठलीही दहा फोल्डर निवडा, वेगळ्या जागी परत आणा आणि ती फाइल वापरणाऱ्या माणसालाच उघडायला सांगा. बॅकअप सॉफ्टवेअरने ‘सक्सेस’ दाखवलं म्हणजे काम झालं असं नाही.

## हा आता फक्त आयटीचा विषय राहिलेला नाही

आपल्याकडे कायदाही या दिशेने सरकतो आहे. ऑगस्ट २०२२ मधल्या दुरुस्तीनुसार, कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवायला हवा. आधी नियमात ‘ठरावीक काळाने’ असं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांतही, डेटा हातचा गेला तरी काम चालू राहावं यासाठी करायच्या उपायांत डेटा बॅकअपचा उल्लेख आहे. आज ना उद्या ऑडिटर ‘बॅकअप दाखवा’ म्हणेल, तेव्हा दुसऱ्या सर्व्हरवरचं फोल्डर उघडून दाखवणं पुरेसं ठरणार नाही.

कोरियातल्या कर्मचाऱ्यांचं थोडंफार काम वाचलं, ते वेगळ्या वाटेने. मंजुरीसाठी गेलेली कागदपत्रं दुसऱ्या सरकारी प्रणालीत होती. काही फाइल्स ईमेलमध्ये किंवा पीसीवर उरल्या होत्या. म्हणजे अधिकृत व्यवस्था कमी पडली आणि इकडेतिकडे सांडलेल्या कॉप्या कामाला आल्या.

उद्या ऑफिसला गेल्यावर आयटीवाल्याला, किंवा आयटीवाले तुम्हीच असाल तर स्वतःला, तीन प्रश्न विचारा. पुण्याचा सर्व्हर आत्ता जळाला तर नाशिकला किती वाजेपर्यंतचा डेटा मिळेल? मागच्या सोमवारी डिलीट झालेलं फोल्डर आज परत आणता येईल का? आणि दोन्ही सर्व्हर एकदम लॉक झाले, तर ज्याला कोणी हात लावू शकलं नाही अशी प्रत कुठे आहे?

पहिल्याचं उत्तर रेप्लिकेशन देईल. उरलेल्या दोघांची उत्तरं बॅकअपमध्येच सापडतील. ती आज मिळत नसतील, तर या महिन्याच्या खर्चात एका डिस्कची तरी सोय करून घ्या.